मोरीतून गेलेले पाणी

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या गावात पाणी कोठून येते हे कोणीही सांगेल. नदीकाठची विहीर, तिच्यावरची मोटर, शाळेमागच्या टेकाडावरची टाकी आणि तेथून आळीआळीने गेलेला नळ. टाकीच्या उद्घाटनाला मांडव घातला होता, नारळ फुटला होता, आणि ती कोणाच्या कारकिर्दीत झाली ते टाकीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले आहे. पण हेच पाणी घरातून बाहेर पडल्यावर कोठे जाते असे विचारले, तर लोक हाताने एक मोघम दिशा दाखवतात. "जातंय की खाली!"

हे 'खाली' म्हणजे आमची आळी. मी तेथे राहते.

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रकल्पासाठी आम्हाला आपापल्या गावाचा नकाशा काढायचा होता. मी नदी, ओढा, रस्ता, देऊळ, शाळा असे सगळे दाखवले आणि वरच्या आळीपासून आमच्या घरापर्यंत एक निळी रेघही ओढली. सरांनी विचारले, "हा दुसरा ओढा कुठला?" मी म्हणाले, "सर, ते गटार आहे." वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. "मग निळे का काढलेस?" एवढेच त्यांनी विचारले, आणि तास संपल्यावर मला थांबवून सांगितले की या एका रेघेचाच अभ्यास कर. वर्षभर मी तेच करीत आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. 'कॉलेजात काय शिकतेस?' असे आजी विचारते, तेव्हा 'गटार शिकते' असे सांगण्याची सोय नाही. पण खरे सांगायचे तर या वर्षी माझा बराच अभ्यास तोच झाला.

प्रथम मापाकडे वळते. आमच्या घरात सहा माणसे. आईच्या मागे लागून मी तीन दिवस मोरीत जाणारे पाणी मोजले. अंघोळ, भांडी, धुणे, हातपाय धुणे, सगळे. संडासाचे पाणी यात धरलेले नाही, कारण त्याचे दोन खड्डे वेगळे आहेत. पंधरा लिटरच्या बादलीने पहिल्या दिवशी १४ बादल्या भरल्या, दुसरा दिवस धुण्याचा होता म्हणून १९, तिसऱ्या दिवशी १५. सरासरी दिवसाला १६ बादल्या, म्हणजे २४० लिटर; माणशी ४० लिटर. पुढे कळले की सरकारी हिशोबही जवळजवळ असाच आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी देण्याचे धोरण ठरले, आणि घरात आलेल्या पाण्यापैकी ६५ ते ७० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे त्यात धरतात. म्हणजे माणशी ३६ ते ३८ लिटर. आमची मोरी सरकारच्या आकड्याला धरूनच वाहते, हे पाहून मला उगाच बरे वाटले.

गावात तीनशे उंबरे आहेत. आमच्याच घराचे माप सगळ्यांना लावले, तर रोज ७२,००० लिटर पाणी मोऱ्यांतून बाहेर पडते. बारा हजार लिटरचा एक टँकर धरला तर सहा टँकर. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. मे महिन्यात टँकर येतो तेव्हा बायकांची कशी झुंबड उडते आणि कोणाच्या घागरी कोणाच्या पायावर पडतात, ते आमच्याकडच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. त्याच गावातून पाणी असते त्या दिवसांत रोज सहा टँकर 'खाली' जातात. उन्हाळ्यात हा आकडा अर्थातच उतरतो. पण वरच्या आळीत ज्यांच्या घरावर टाक्या आणि अंगणात मोटारी आहेत, त्यांचे पाणी आमच्यापेक्षा अधिक असणार, हेही ध्यानात घ्यायला हवे.

आता ती निळी रेघ. गटार वरच्या आळीच्या टोकाला सुरू होते, तेव्हा ते वीतभर रुंदीचे, सिमेंटचे आणि चांगले वाहते असते. तेथे उभे राहिले तर वासही येत नाही. पाणी साबणाचे, पांढुरके. मधल्या आळीत त्याला आणखी मोऱ्या येऊन मिळतात. देवळामागे सिमेंट संपते आणि पुढे नुसता खणलेला पाट. तेथून उतार कमी होतो, जमीन काळी होते, आणि पाणी रेंगाळू लागते. आमच्या घरापाशी ते जवळजवळ उभेच असते. रंग काळा. पुढे ओढा दोनशे पावलांवर आहे. पण पावसाळा सोडला तर गटाराचे पाणी तेथवर क्वचितच पोहोचते. आमच्या दारात उंबऱ्यापुढे एक उभा दगड रोवलेला आहे. पाहुण्यांना वाटते, तो बसायला आहे. तो आजोबांनी पाणी घरात येऊ नये म्हणून रोवला, आणि आबांनी त्यावर आणखी एक थर चढवला. बारावीच्या परीक्षेच्या आधी एका रात्री अवकाळी पाऊस झाला, तेव्हा तो थरही पुरला नाही. माझी अर्थशास्त्राची वही त्या पाण्यात भिजली. आईने ती चुलीजवळ धरून एकेक पान वाळवले. पण वास गेला नाही. परीक्षेला ती वही मी बाहेर ओट्यावर बसून वाचली.

गावात उंचावर कोणी राहायचे आणि ओढ्याकाठी कोणी, हे काही उताराने ठरवलेले नाही. ते माणसांनी, जाती पाहून ठरवले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि येणारे पाणी सर्वांचे आहे हे देशाला सांगितले. जाणारे पाणी कोणाचे, हा प्रश्न आमच्या गावात अजून कोणी मोठ्याने विचारलेला नव्हता.

पाणी खाली येईपर्यंत काळे का होते, हे मला आधी माहीत नव्हते. मला वाटे, लोक त्यात घाण टाकतात म्हणून. तसेही होतेच, पण मुख्य कारण निराळे आहे. सांडपाणी हे हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग पाणीच असते. उरलेल्या एका भागातही कमीच असतो तो मळ : अन्नाचे कण, तेल, साबण, अंगावरचा मळ. हा मळ पाण्यातील जिवाणूंचे खाद्य आहे. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आता आपल्याकडील हवामानात एक लिटर पाण्यात प्राणवायू मावतो तो फार तर आठ मिलिग्रॅमच्या आसपास. घरगुती सांडपाण्यातला मळ फस्त करायला मात्र लिटरमागे शंभर-दोनशे मिलिग्रॅम आणि त्याहूनही अधिक लागतो. यालाच विज्ञानाचे विद्यार्थी 'बीओडी' म्हणतात. आपल्या देशात शुद्ध केलेले पाणी नदीत सोडताना ही मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर असू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. खर्च मोठा आणि गाठीला थोडे, असे झाले की कोणाचेही दिवाळे वाजते. तसे पाण्यातील प्राणवायूचे वाजते. मग प्राणवायूवाचून जगणारे दुसरे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या कामातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो आणि गाळ काळा पडतो. म्हणजे वरच्या आळीत पाणी स्वच्छ दिसते ते तेथील लोक स्वच्छ म्हणून नव्हे, आणि खाली ते सडते ते आम्ही घाणेरडे म्हणून नव्हे. पाणी वाटेत शिळे होत येते, आणि आमच्या दारात येऊन नासते.

येथे माझी एक चूक नमूद करणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला होता. सगळ्या आळीने गटाराला शिव्या दिल्या, आणि या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मीही गटारालाच दोष दिला होता. पुढे आशाताई घरी आल्या असताना मी त्यांना हे ऐटीत सांगितले. त्या काही न बोलता आमच्या न्हाणीत गेल्या आणि रांजणावरचे झाकण काढून मला आत बघायला लावले. आत पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या! डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गटारात होतो तो क्युलेक्स. तो रात्री झोपू देत नाही आणि हत्तीरोग पसरवतो, पण डेंग्यू पसरवत नाही. आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो, म्हणून रांजण सतत भरलेला. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवायची, हा त्यावरचा उपाय. तेव्हापासून रविवारी रांजण मी घासते. गटाराचे खरे अपराधच इतके आहेत, की त्याच्या माथी खोटे अपराध मारण्याची गरज नाही.

मग या पाण्याचे करायचे काय? शहरात काय करतात ते मी प्रथम वाचले. शहरातले मैलापाणी जमिनीखालच्या नळांतून एका केंद्रात आणतात. तेथे आधी जाळीतून कचरा अडवतात, मग वाळू बसवतात, मग संथ टाक्यांत गाळ बसू देतात, आणि नंतर उरलेल्या पाण्यात यंत्राने हवा घालतात, म्हणजे जिवाणूंना प्राणवायू कमी पडत नाही. ही हवा घालण्याची आजची प्रमुख पद्धत इंग्लंडातील मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मांडली. त्यांची हकिगत मला फार आवडली. सांडपाण्याच्या भांड्यात हवा सोडून ते पूर्ण शुद्ध व्हायला त्यांना पहिल्या वेळी सुमारे पाच आठवडे लागले. त्यांनी वरचे पाणी ओतून दिले, पण तळाचा गाळ फेकला नाही. त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतले. असे पुनःपुन्हा करता करता पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गाळात जिवाणूंची वस्ती वाढत गेली होती. माझी आई दह्याचे विरजण असेच राखते. तिला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय एवढं शोधायचं?"

पण ही केंद्रे बांधायला पैसा लागतो, चालवायला वीज आणि शिकलेली माणसे लागतात. शहरांनाही ते झेपलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर. उरलेले कोठे जाते? 'खालीच' जाते. पुण्याचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात येते. आमचा जिल्हा त्या धरणाचे पाणी पितो. म्हणजे पुणे ही सबंध सोलापूर जिल्ह्याची वरची आळी झाली! हे मी आमच्या वरच्या आळीतल्या एका मोठ्या बागायतदारांना सांगितले, तेव्हा त्यांनी पुण्याच्या लोकांना मनसोक्त नावे ठेवली. आपल्या मोरीकडे पाहण्याचे त्यांना सुचले नाही.

खेड्याला सोसेल असा एक उपाय तळ्याचा आहे. कमरेपेक्षा थोड्या अधिक खोलीच्या उथळ तळ्यात सांडपाणी काही दिवस उन्हात ठेवायचे. त्यात शेवाळ वाढते, ते उन्हावर प्राणवायू तयार करते, जिवाणू तो घेतात आणि मळ खातात. वीज नको, यंत्र नको. यात वाईट काहीच नाही. फक्त जागा हवी. मी हिशोब केला. रोजचे ७२,००० लिटर पाणी पंधरा दिवस ठेवायचे आणि खोली सव्वा मीटरच्या आसपास धरायची, तर पाण्यालाच साडेआठ-नऊ गुंठे लागतात, बांध वेगळे. आमच्या गावाचे गायरान नऊ गुंठ्यांहून कितीतरी मोठे आहे. पण ते टेकाडावर आहे, आणि गटाराला चढता येत नाही. खाली ओढ्याकाठी जी जमीन आहे ती कोणाची तरी काळीभोर पिकाची जमीन, नाहीतर आमची घरे.

दुसरा उपाय शोषखड्ड्याचा. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे (आमच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णी नव्हे). त्या गावाने घरोघरी शोषखड्डे केले. खड्ड्याच्या मधोमध भोके पाडलेली टाकी, भोवती दगड, आणि पाणी आत जाण्यापूर्वी गाळ बसवणारे एक लहान चेंबर. पाणी घरापाशीच जिरल्यामुळे उघडी गटारे राहिली नाहीत आणि डास हटले. पुढे जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून असे खड्डे जिल्हाभर घेतले आणि त्याला 'नांदेड पॅटर्न' असे नाव पडले. ही कल्पना तशी जुनीच आहे. मोहेंजोदडोचे शिक्षण आपल्याला पाचवीपासून मिळते, आणि तेथील झाकलेली गटारे आपण परीक्षेत लिहितोही. पण तेथे घरातले पाणी गटाराला मिळण्याआधी पुष्कळ ठिकाणी खड्ड्यात किंवा मोठ्या भांड्यात गाळ टाकून पुढे जाई, हे मात्र आपण सोडून देतो. आमच्या आजीच्या वेळीही मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ असे, आणि भांडी राखेने घासत. पाणी तेथेच संपे. पुढे राखेच्या जागी पावडर आली, पाणी चौपट झाले, अंगणात फरशी आली, आणि केळ गेली.

टेंभुर्णीची माहिती वाचून मी इतकी भारावले, की दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या मोरीपुढेच खड्डा घेतला. आबा गवंड्याच्या हाताखाली काम करतात, तेव्हा टिकाव-घमेले घरचेच. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर विटांचे तुकडे. पहिले पंधरा दिवस पाणी जिरले. शेजारच्या बायका बघून गेल्या. महिन्याने खड्डा तुडुंब भरला, आणि आमच्या दारात एका डबक्याऐवजी दोन डबकी झाली. आई काही बोलली नाही. आजी बोलली.

मला ते फार लागले. मग सरांच्या सांगण्यावरून जी चाचणी आधी करायची ती मी नंतर केली. माझ्या एका मैत्रिणीला बरोबर घेऊन गावात पाच ठिकाणी हातभर खोल खळगी खणली, रात्री त्यांत पाणी ओतून जमीन मुरू दिली, आणि सकाळी पुन्हा पाणी भरून ते किती वेळात किती उतरते ते फूटपट्टीने मोजले. वरच्या आळीत, काकूंच्या परसात, वीतभर पाणी आम्ही घड्याळ बघेपर्यंत निम्मे झाले होते. तेथे वरवरच्या मातीखाली तांबडा मुरूम आहे. देवळापाशी तेच व्हायला सकाळ गेली. आणि आमच्या दारात सकाळी भरलेले पाणी संध्याकाळी जवळजवळ तेवढेच होते. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्या भेगा बंद होतात. साबणा-सोड्यातल्या क्षारांनी ती आणखी चिकट होते. काळीचा थर पातळ असता तर खाली मुरमापर्यंत खणून काम भागले असते. पण ओढ्याकाठी तो जाड आहे, आणि पावसाळ्यात भूजलही वर येते. अशा ठिकाणी खड्डा खणून घाण पाणी भूजलाला भिडवणे धोक्याचे. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप असेल तर खड्डा निदान दहा मीटर लांब हवा, हा नियमही मी तेव्हाच वाचला.

त्या संध्याकाळी मी नकाशा पुन्हा काढला. निळ्या रेघेच्या कडेने मातीचे रंग भरले : वर तांबडा, मधे करडा, खाली काळा. आणि तेव्हा जी गोष्ट दिसली ती वर्षभर दिसायला हवी होती. ज्या घरांपाशी पाणी जिरते, त्यांना पाण्याचा त्रास नाही. आणि ज्यांना त्रास आहे, त्यांच्यापाशी ते जिरत नाही. आमच्या दारातला खड्डा कितीही चांगला बांधला तरी उपयोग नव्हता, कारण खालच्या आळीचा खड्डा वरच्या आळीच्या अंगणात घ्यायला हवा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हे बोलले. नकाशा भिंतीला लावायला चिकटपट्टी नव्हती म्हणून मैत्रिणीने तो धरून ठेवला. बोलताना माझा आवाज कापत होता. त्यामुळे मधला भाग कोणाला नीट कळला नसावा. भाऊसाहेबांनी सांगितले की बंदिस्त गटाराचा प्रस्ताव तयार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी निम्मा-निम्मा बांधून दिलेला होता. त्यातल्या स्वच्छतेच्या पैशातून ते करण्याचा विचार होता. मी विचारले, "बंदिस्त गटाराचं तोंड कुठं उघडणार?" त्यावर उत्तर आले नाही, नकाशावर ते दिसतच होते. झाकलेल्या गटाराने वास वाटेत येत नाही, एकदम शेवटी येतो. एकजण मागून म्हणाले, "पाणी तुमच्या दारात साचतंय, खड्डा आमच्या अंगणात कशाला?" लोक हसले. दुसरे कोणी म्हणाले, "पोरगी शिकली!" हे कौतुक होते की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेले नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

मी खाली मान घालून निघाले, तो काकूंनी हाक मारली. ज्यांच्या परसात आम्ही खळगे खणले होते त्याच या. म्हणाल्या, "काय गं, त्या दिवशी पाणी खरंच एवढं झरझर गेलं?" मी हो म्हणाले. "आमची मोरी तुझ्या आबानंच बांधलीय. तिचं पाणी तुमच्याकडं येतंय हे त्याला ठाऊक नव्हतं व्हय?" मी आबांकडे पाहिले. ते जरा लांब उभे होते. वरच्या आळीतल्या निम्म्या मोऱ्या त्यांच्याच हातच्या आहेत. उतार कोठे द्यायचा हे त्यांनी प्रत्येक वेळी स्वतः आखले आहे. ते म्हणाले, "ठाऊक हुतं की. पाण्याला दुसरी वाट कुठं हुती?" काकू म्हणाल्या, "मग आता काढ वाट. मजुरी घे, फुकट नको."

फेब्रुवारीत काकूंचा खड्डा झाला. या वेळी चेंबर आधी बांधले, त्यात तेलकट साय आणि भाताची शिते अडतात. ते काकूंची सून दर पंधरवड्याला उपसते. खड्ड्याला चार महिने झाले, तो एकदाही भरला नाही. बाजूला लावलेली केळ आता माझ्याहून उंच आहे, आणि माझ्या मते इतर घरे वळली ती माझ्या नकाशाने नव्हे, त्या केळीने. आजवर वरच्या आळीत अकरा खड्डे झाले आहेत. काहींनी अजून ठाम नकार दिला आहे. एका घरी तर फरशी फोडायची नाही म्हणून आबांना ओट्यावरूनच परत पाठवले. मधल्या आळीत जेथे पाणी हळू जिरते तेथे कर्दळीच्या वाफ्यातून पाणी फिरवून पाहावे असे सर सुचवतात. ते अजून केलेले नाही. आणि आमच्या आळीतील घरांच्या स्वतःच्या पाण्याचे काय करायचे, याचे उत्तर मला मिळालेले नाही. परसबागेला देता येईल, तर परस नाही. आमच्या दारातला पहिला खड्डा आम्ही मुरूम टाकून बुजवला.

गेल्या वर्षी मी देवळामागे, सिमेंट संपते तेथल्या पाइपाखाली, सकाळी आठला बादली धरून घड्याळ लावले होते. त्या पाइपातून सुमारे नव्वद घरांचे पाणी येते. तेव्हा बादली अठरा सेकंदांत भरली होती. परवा पुन्हा त्याच वेळी, त्याच बादलीने मोजले. एकवीस सेकंद लागले. धाकट्या भावाला वाटले मी घड्याळ चुकीचे लावले, म्हणून त्याने स्वतः मोजले. त्यालाही एकवीसच लागले. काकूंच्या शेजारच्या घरी बाराव्या खड्ड्याची आखणी आबांनी शनिवारी चुन्याने करून ठेवली आहे. पाऊस लागण्याआधी खणायला हवा.